शाळा सोडण्याचे कारण

नववीच्या उन्हाळ्यात उन्नतीनं निळी फाईल आणली,
सीताबर्डीच्या फुटपाथवरून, साठ रुपयांची चाळीसला,
वीस खिशांची.
आत तेव्हा एकच कागद होता, आठवीचं प्रगतिपत्रक.
बाकी एकोणीस खिसे
तोंड उघडं ठेवून बसलेले.

मी कूलर दुरुस्त करतो.
मार्च लागला की नंदनवनपासून गोधनीपर्यंत
लोकांना एकदम माझी आठवण येते.
वर्षं मी ताट्यांवर मोजतो :
जुनी खस काढली, नवी भरली,
पंपातला गाळ धुतला, झालं वर्ष.
ती मोजते चाचणी, सराव चाचणी,
आणि सराव चाचणीच्या आधीची चाचणी.

दहावीत तिनं कूलरसमोरची जागा सोडली.
झोप येते बाबा, म्हणाली,
आणि पंचेचाळीस अंशात टिनाखालच्या खोलीत
डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन
त्रिकोणांशी भांडत बसली.
अख्ख्या मोहल्ल्याला गार करणाऱ्याच्या घरात
एक पोरगी अशी मुद्दाम तापत होती.

शिकवणीच्या सरांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं,
फीचा आकडा मात्र तोंडानं नाही दिला.
कॅल्क्युलेटरवर दाबला आणि माझ्याकडे वळवला,
सोनार वळवतो तसा.
विचार करून सांगतो जी, म्हटलं.
चार दिवस विचार केला, तेवढ्यात आकडा वाढला.
मग ठरलं असं :
त्यांचे अकरा कूलर दोन उन्हाळे मी फुकट सांभाळायचे,
उरलेलं हप्त्यांनी.

म्हणून अकरावीत मी तिला खिडकीच्या बाहेरून पाहिलं,
शिडीवर उभा, हातात पाना,
ताटीच्या फटीतून.
मागून दुसरा बाक, पाठमोरी, वेणी पुढं घेतलेली.
मी त्या बाजूची नळी जराशी मोठी सोडली.
कुणाला कळलं नाही. तिलाही नाही.

कागदांचं वेगळंच.
उत्पन्नाचा दाखला, म्हणजे किती कमी कमावतो ते.
अधिवासाचा, म्हणजे मी इथलाच,
हे इथल्याच माणसाला पटवायचं.
सेतू केंद्रात रांग, सर्व्हर बंद, उद्या या.
उद्या गेलो. परवा गेलो.
बाहेरच्या तर्री पोहेवाल्याला माझं नाव पाठ झालं,
आतल्या बाबूला नाही.

आणि मग जात पडताळणी.
सदुसष्टच्या आधीचा पुरावा आणा, म्हणाले.
सदुसष्टला मी कुठं होतो बाप्पा!
बारावीच्या दिवाळीनंतर उमरेडला गेलो, दोघंही, पहिल्या बसनं.
हेडमास्तरांनी कपाट उघडलं,
कडेनं वाळवीनं खाल्लेलं रजिस्टर काढलं,
त्यात माझे वडील सापडले.

लहानू सोमाजी निनावे. इयत्ता तिसरी.
वर्तणूक : बरी.
शाळा सोडण्याचे कारण : मागावर बसला.

मी नक्कल मागायला वळलो.
ती बोट ठेवून तिथंच.
बाबा, तारीख जानेवारीची आहे, म्हणाली,
परीक्षेला तीन महिनेच होते.
म्हणजे बरंच पाठ झालं असेल त्यांचं.

परतीच्या बसमध्ये तिनं पुस्तक काढलं नाही.
मला वाटलं, दमली.

मग परीक्षा, निकाल, रात्री दोनपर्यंत पसंतीक्रम,
कॉलेजांची नावं वर सरकवणं, खाली सरकवणं,
पुणे वर, नागपूर खाली, पुन्हा नागपूर वर,
आणि तिची आई, प्रत्येक बदलाला
होस्टेलचा खर्च बोटांवर मोजणारी.

पडताळणी केंद्रावर बाईंनी फाईल उघडली.
पहिल्या खिशात पिवळट नक्कल, तिसरी नापासही नाही, पासही नाही.
हे पहिलं काहून लावलंस? मार्कशीट कुठंय?

मार्कशीट मागं आहे मॅडम, उन्नती म्हणाली,
मी क्रमानं लावलंय.